खारावर शिरका

नीतिसूत्रे २५:२० येथे खिन्न मनुष्यापुढे गाणी गाणे हे खारावर शिरका ओतण्यासारखे आहे, असे शलमोन सुचवितो. ही उपमा पुष्कळांस उलगडत नाही. ती समजण्यास आम्ल व अल्क या दोन जातींच्या पदार्थांची ओळख पाहिजे, आणि ती आपल्या घरात व शिवारातच होण्यासारखी आहे.

चिंच, लिंबू, आमसूल व ताक यांचा आंबटपणा आम्लांमुळे असतो. पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून जी आंब धरतात, तिच्यातही आम्लेच असतात. चुन्याची निवळी, पापडखार व राखेचे पाणी ही अल्कधर्मी होत. पारख करण्यास आपल्या सांगलीची हळद पुरे. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कागदावर निवळीचा थेंब टाकावा, तो तांबडा होतो. वर लिंबू पिळावे, पुन्हा पिवळा होतो. दोन्ही एकमेकांचा जोर नाहीसा करतात. वचनातील खार हा सोड्याच्या जातीचा असून कपडे धुण्यास उपयोगी पडे. त्यावर शिरका पडताच तो फसफसतो, वायू उडून जातो, आणि मागे राहते ते ना धुण्याच्या कामाचे, ना चवीचे.

जमिनीचेही असेच आहे. महाबळेश्वराकडे अतिपावसाने मातीतील चुना वगैरे धुऊन जाऊन ती आम्लधर्मी झाली आहे. तेथेच उगम पावणाऱ्या कृष्णेच्या खालच्या काठी, वाळवे व मिरज या तालुक्यांत, पाऊस थोडा. तेथे उसाला बेसुमार पाणी दिल्याने व निचरा नसल्याने पुष्कळ काळी जमीन खारवट व चोपण झाली. खारवट जमिनीवर पांढरा थर येतो. ती चर काढून गोड्या पाण्याने धुतली म्हणजे सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो, पाणी मुरत नाही, व सामू ८.५ च्या वर जातो. तेथे जिप्सम घालावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. परंतु सुटलेला सोडियम वाहून नेण्यास चर नसेल, तर जिप्समचा खर्च व्यर्थ. म्हणून आधी मातीची तपासणी, मग उपाय. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात या जमिनींचा अभ्यास झाला आहे.

कृष्णाकाठच्या एका बंधूचे शेत असे चोपण झाले असता आम्ही त्यांच्या घरी जाऊन दोन गीते गाइली, प्रार्थना केली व परतलो. ते गप्प बसून राहिले. खारावर शिरका कोणी ओतला, हे आम्हांस वाटेत उमगले. दुसऱ्या खेपेस आम्ही त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. अडचण पैशाची होतीच. पण मोठी अडचण ही की, त्यांचा चर ओढ्यास मिळण्यास शेजाऱ्याच्या रानातून जावा लागे, आणि शेजारी आमच्याच मंडळीतले! त्या दोघांस एकत्र बसविणे हीच त्या दिवशीची आमची उपासना झाली.

गीत वाईट नव्हे. शिरकाही वाईट नव्हे. प्रत्येकाची वेळ व प्रमाण असते. रोम १२:१५ मधील रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा पाळली, म्हणजे गाण्याची वेळही येते.

मंडळीत विचार करण्यासाठी: आपल्या शेजाऱ्याचे पाणी आपल्या बांधापाशी अडले आहे काय?