मोबाइलचे वेड की व्यसन?

प्रश्न : दहावीतील मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहतो. याला व्यसन म्हणावे काय? — एक पालक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : केवळ तासांवरून व्यसन ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजार-वर्गीकरणात ‘गेमिंग विकार’ आहे. त्यात खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणतः 12 महिने टिकलेली असावी लागतात. हीच कसोटी मोबाइलला लावता, पांघरुणाखाली पहाटे दोनपर्यंत उजळणारा पडदा, चुकलेली एसटी आणि नेटपॅक संपताच उसळणारी चिडचिड अधिक बोलकी ठरते. गडचिरोलीच्या दुर्गम गावांत रेंजसाठी टेकडीवर जमणारी मुले मात्र तेवढ्याने व्यसनी ठरत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच मोबाइलवर भरावा लागतो.

मोबाइल हिसकावल्यास चोरटा वापर वाढतो, म्हणून रात्री घरातील सर्वांचे, अर्थात वडिलांचाही, मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणे हा उपाय अधिक टिकतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये सायंकाळी सातच्या भोंग्यानंतर दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे बळ भोंग्यात नसून सारी घरे एकाच वेळी थांबण्यात होते. दारूबंदीसाठी एकवटलेल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांना हे परके वाटू नये. मूल सतत उदास राहत असेल किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर विनाविलंब ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा; तेथे मराठीतही बोलता येते.