माळ्यावरची जुनी बरणी

पावसाळ्यापूर्वी माळा झाडताना एखादी न उघडलेली बरणी हाती लागतेच. कोणी भरली, कधी भरली, आठवत नाही. टाकायला जीव धजत नाही. मग झाकण काढून वास घ्यायचा, बोटाने चाखायचे आणि बरे वाटले तर वाढायचे, ही आपली जुनी रीत. सगळ्याच पदार्थांना ती चालत नाही.

आधी पाहावे ते हे, की बरणीत आहे काय. कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे, मुरांबा, जॅम यांना आंबटपणा, मीठ, साखर राखतात. जुने झाले की रंग काळवंडतो, तेल खवट होते. चव जाते, पण जिवाला धोका फारसा नसतो. बुरशी धरली असेल तर मात्र वरचा थर काढून खालचे खाऊ नये. बुरशीचे धागे खोल गेलेले असतात आणि काही बुरशा विषारी असतात.

खरी भीती आहे ती आंबट नसलेल्या पदार्थांची: पाण्यात भरलेले वाटाणे, बटाटे, घेवडा, मांस, मासे, तेलात बुडवून ठेवलेला ताजा लसूण. बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूचे बीज मातीतच असते, म्हणजे आपल्या शेतमालाबरोबर ते घरात येते. पाणी १०० अंशांवर उकळते; तेवढ्याने हे बीज मरत नाही. कारखान्यात दाबाखालच्या वाफेने सुमारे १२१ अंश उष्णता देतात. घरी उकळून घट्ट बंद केलेल्या बरणीत हवा नसते, आंबटपणाही नसतो. तिथे हे बीज रुजते आणि विष तयार करते. त्या विषाने वास किंवा चव बदलेलच असे नाही.

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लँकेस्टर येथे एका चर्चच्या सहभोजनात बटाट्याचे सॅलड होते. त्यातले बटाटे घरीच नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून बरण्यांत भरलेले होते. २९ जण आजारी पडले, एक जण दगावला. वाढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

झाकण फुगलेले, बरणी पाझरणारी, आत फेस किंवा गढूळपणा, उघडताना फसकन उसळी, यांतले एकही दिसले तर चाखूसुद्धा नये. विकतच्या डब्यांनाही हेच लागू. तिथे 'बेस्ट बिफोर' ही तारीख चवीची आणि 'यूज बाय' ही सुरक्षिततेची समजावी. पण घरच्या आंबट नसलेल्या बरणीवर काहीच खूण दिसत नसली, तरी ती कशी भरली हे ठाऊक नसेल तर आमचे मत स्पष्ट आहे: टाकावी. डुकरांना, कोंबड्यांना घालू नये, तीही यानेच मरतात. न उघडता पिशवीत बांधून विहिरीपासून लांब, कुत्रे उकरणार नाही इतके खोल पुरावे.

असे काही खाण्यात आले असेल, आणि बहुधा १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनीही, एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, गिळता येईना, तर ताप नाही म्हणून थांबू नये. यावर प्रतिविष आहे, पण ते लवकर मिळावे लागते. रोग्याला थेट मोठ्या इस्पितळात न्यावे, काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे आणि उरलेली बरणी सोबत न्यावी.