लाटांतून आत, लाटांतून बाहेर

— बी. ए. भाग २

वऱ्हाड आणि समुद्र यांचे नाते तसे दूरचे. अमरावतीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस मात्र दोन्ही समुद्रांना जाऊन मिळतो. पेढी व पूर्णेचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते, तर वर्धेचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. पाणी जाते, माणसे क्वचितच जातात. गेली तरी सहलीपुरती, दोन दिवसांसाठी. त्या दोन दिवसांत पाण्यात उतरण्याचा मोह कोणाला आवरत नाही. आता तर मालवण-तारकर्लीकडे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून समुद्राचा तळ पाहण्याची सोयही झाली आहे. तेथे पर्यटकांना बहुधा होडीतून खोल पाण्यात नेतात. परंतु जगात अनेक ठिकाणी पाणबुडे किनाऱ्यावरूनच चालत, फुटणाऱ्या लाटा ओलांडून आत जातात आणि तसेच परत येतात. त्यांनी यासाठी जी शिस्त घालून घेतली आहे, ती साध्या आंघोळीला उतरणाऱ्या सहलकऱ्यालाही उपयोगी पडणारी आहे. तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

नदीचे ज्ञान येथे अपुरे

आपल्याकडील मुलगा पोहायला शिकतो तो नदीत, विहिरीत किंवा तलावात. नदीची धार एकाच दिशेने वाहते. डोह कोठे आहे हे गावाला ठाऊक असते. समुद्राचे तसे नाही. तेथे पाणी आत येते आणि परतही जाते, आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. मालवणकडील गाबीत समाजातील मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. रापणीची होडी लाटांत लोटताना तो लहानपणापासून पाहतो. होडीचे तोंड लाटेकडेच ठेवायचे, ती आडवी झाली की उलटली, हे त्याच्या अंगवळणी पडते. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच आणि आमच्या घरात समुद्र कोणी पाहिलेला नाही. जे ज्ञान वडिलांकडून मिळत नाही ते अभ्यासाने मिळवावे लागते. शिक्षणाचा अर्थ मला तरी हाच वाटतो.

लाट फुटते कोठे?

खोल समुद्रात लाट पुढे सरकताना दिसते, पण पाणी जवळजवळ जागच्या जागीच गोल फिरत असते. किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो, लाटेचा खालचा भाग अडतो, वरचा पुढे झुकतो आणि लाट फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की हे घडते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात फुटते. सव्वा मीटर म्हणजे आपल्या छातीइतके पाणी! ‘छातीपर्यंतच तर आहे’ म्हणून ज्या जागी आपण निर्धास्त उभे राहतो, नेमकी तीच जागा सर्वांत वाईट. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. तालमीत कमावलेले शरीरही त्यापुढे टिकत नाही. म्हणून पहिला नियम असा की, लाटा फुटण्याच्या पट्ट्यात थांबू नये. एक तर त्याच्या अलीकडे घोट्याइतक्या पाण्यात राहावे, नाही तर तयारीनिशी तो पार करावा.

आत जाताना

लाटा सारख्या येत नाहीत. काही मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, मग थोडा वेळ पाणी शांत असते. अनुभवी पाणबुडा आधी पंधरा-वीस मिनिटे काठावर उभा राहून हा क्रम न्याहाळतो. त्याच वेळी तो बाहेर येण्याची जागा ठरवतो, आणि ती नक्की सापडली नाही तर त्या दिवशी पाण्यात उतरत नाही.

त्याच्या अंगावर सिलिंडर, वजनपट्टा वगैरे मिळून वीस किलोंच्या वर ओझे असते. मुखवटा डोळ्यांवर आणि श्वासाची नळी तोंडात, ही तयारी कोरड्या वाळूवरच पूर्ण होते. पायांत लांब फिन्स असल्यास पुढे चालता येत नाही, म्हणून तो आडवा किंवा पाठमोरा, पाय वाळूवरून घासत जातो. आडवे उभे राहिल्याने लाटेचा मारा कमी अंगावर बसतो. पाय घासण्याचा आणखी एक फायदा आहे. वाळूत दडलेला पाकट मासा त्या चाहुलीने दूर सरकतो. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी पाकटांनी अनेक भाविकांना दंश केला होता. लाट आली की थांबावे, गुडघे वाकवावे, एक हात मुखवट्यावर ठेवावा. लाट गेली की लगेच पुढे निघावे. पोहण्याइतके पाणी मिळताच लाटेखालून बुडी मारून पट्टा ओलांडावा. सोबती नेहमी नजरेच्या टप्प्यात हवा.

बाहेर येताना

येणे जाण्यापेक्षा कठीण असते. शरीर थकलेले असते आणि ‘पोहोचलो’ या समजुतीने मन सैल झालेले असते. पाण्यात न जाणवणारे ओझे उथळ पाण्यात पुन्हा अंगावर येते. म्हणून लाटा फुटण्याच्या पट्ट्याबाहेर थांबून पुन्हा क्रम पाहावा. सिलिंडरमध्ये हवा शिल्लक ठेवूनच परतावे आणि नळी तोंडातून काढू नये. मोठ्या लाटांचा गट निघून गेला की शेवटच्या लाटेच्या पाठोपाठ निघावे. वारंवार मागे वळून पाहावे, कारण लाट पाडते ती पाठीवरच. उभे राहता येत नसेल तर सरळ रांगत यावे. गुडघाभर पाण्यात रांगण्याची लाज वाटून उभे राहणारा पुन्हा ओढला जातो. फिन्स काढणे, मुखवटा धुणे, सोबत्याशी बोलणे, हे सारे कोरड्या वाळूवर.

परतीचा प्रवाह

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी काही ठिकाणी चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्रात परतते. यालाच रिप करंट म्हणतात. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद दिसते, आणि नवख्या माणसाला तीच जागा शांत वाटते. फसगत होते ती येथे. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरांपर्यंत जातो. ऑलिंपिकचा जलतरणपटूही शंभर मीटरांच्या शर्यतीत साधारण याच वेगाने पोहतो. त्याच्या विरुद्ध पोहणारा थकतो आणि बुडतो. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. म्हणून घाबरू नये, तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाजूला व्हावे. किनाऱ्यावरच्यांनीही मागोमाग उडी घेऊ नये. दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला हाक मारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. त्या दिवसांत व पावसाळ्यात उतरूच नये. खुद्द मासेमारीच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंद असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. ती आपल्याच वयाची मुले होती. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी आपल्या महाविद्यालयाची मुले असती, तर आपल्यापैकी किती जणांना वरील गोष्टी ठाऊक होत्या, एवढाच प्रश्न आहे.

सहलीच्या सूचनापत्रात चादर, टॉर्च, पाण्याची बाटली, ओळखपत्र यांची यादी असते. त्याच पत्रात त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात, आणि निघण्यापूर्वी भूगोल व शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी मिळून या विषयावर एक तास घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.