त्रिपुरारीची रात्र आणि आमची लहान मुले



कार्तिक महिना लागला की कारापूर-साखळीच्या घरोघरी एक प्रश्न हटकून निघतो. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला लहानग्यांना न्यावे, की आजीपाशी घरी झोपवावे? पालक हा प्रश्न घेऊन आमच्याकडेही येतात. काहींची समजूत असते की शाळेचे माणूस म्हणजे 'नेऊ नका, झोप बिघडेल' एवढेच सांगणार. आमचे मत तसे नाही. मुलांना अवश्य न्यावे, मांडीवरच्या बाळालाही न्यावे. मात्र कोठे बसायचे आणि किती वाजता उठायचे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा अभ्यास करू.

प्रथम उत्सवाविषयी. नव्याने येथे राहावयास आलेल्या पालकांनी विचारले म्हणून लिहितो. विठ्ठलापूर हा कारापूरचाच भाग. वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे आणि गोमंतकीय भाविक याला प्रति-पंढरपूर मानतात. त्रिपुरारीच्या रात्री नदीकाठ पणत्यांनी उजळतो, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात, श्रीकृष्णाची पालखी काठावर येते, त्रिपुरासुराच्या वधाचा प्रसंग दाखवला जातो आणि हातांनी बनवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या होड्या पाण्यात उतरतात. पुराणात त्रिपुरासुराला शंकर मारतो, मग येथे कृष्णाची पालखी कशी, असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो. त्याला गप्प करू नका. एकच कथा गावोगाव कशी वेगळी होते, हे समजायला त्रिपुरारीइतका चांगला धडा आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

गोव्यात मुलाच्या कानावर गाणे प्रथम पडते ते देवळात. जितेंद्र अभिषेकी यांचा जन्म १९२९ चा, मंगेशीचा. वडील कीर्तनकार. पहिले धडे त्यांना घरीच, वडिलांकडून मिळाले. शिकवणीचा वर्ग लावून जे येत नाही ते आरतीच्या झांजेतून, भजनाच्या ठेक्यातून आणि अर्धवट झोपेत ऐकलेल्या नाट्यपदातून येते. शिशुवर्गात काही मुले पहिल्याच आठवड्यात ठेका धरून टाळी वाजवतात. चौकशी केली की समजते, घरी भजन आहे किंवा आजोबा वारकरी आहेत.

मग अडचण कोठे आहे? अडचण ध्वनिक्षेपकात आहे. पूर्वी जागराला मूल आईच्या मांडीवर झोपत असे आणि समोर एक पेटी, एक पखवाज आणि आठ-दहा गळे असत. आज तेच मूल मांडीवर आहे, पण समोर माणसाच्या उंचीचे खोके रचलेले असतात.

विज्ञानाचा भाग येथे नीट समजून घ्यावा. आपल्या अंतर्कर्णात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. प्रौढ कामगारांसाठी जी मोजणी वापरतात तिच्यात ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असे धरले आहे, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी कमाल सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. शिवाय श्रोत्यांना कान झाकण्याची साधने मिळावीत आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी, असेही सांगितले. ही मर्यादा मोठ्यांच्या दृष्टीने आहे. लहान मुलांच्या बाबतीत आपण तिच्या बरेच अलीकडे थांबावे.

पण याच विज्ञानात उपायही आहे, आणि तो फुकटचा आहे. मोकळ्या जागेत एका खोक्यापासून अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर १०० असेल तर दहा मीटरवर ९४, वीसवर ८८, चाळीसवर ८२. (खोकी अनेक असली किंवा बाजूला भिंत असली तर हा हिशोब तंतोतंत जमत नाही, तरी दिशा हीच राहते.) म्हणजे चाळीस पावले मागे सरकणे हीच मुलाच्या कानाची पहिली राखण. पुढची सतरंजी मिळाली म्हणून मिरवणाऱ्यांना मिरवू द्या. कानात कापसाचे बोळे घालून फारसे काही साधत नाही. फोमचे बोळे लहान मुले ओढून तोंडात घालतात. कानावर वरून बसणारे इअरमफ मिळतात, ते बरे. घरी दोन-चार दिवस खेळात घालायला दिले की मूल ते रात्री फेकून देत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. एके काळी तेथे रात्रभर गाणे चाले आणि लोक लेकराबाळांसह पांघरुणे घेऊन बसत. या नियमांनंतर त्याची वेळ बदलली. जाणकारांना पहाटेचे राग गेल्याची हळहळ वाटते आणि ती आम्हाला समजते. तरीही पाच वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहता नियमात वावगे काही नाही. वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. तेथे चोवीस तास अखंड भजन चालते, म्हणून मुलांना दुपारी नेऊन आणता येते. रात्रीचेच ऐकले पाहिजे असा आग्रह मोठ्यांचा असतो, मुलांचा नसतो.

आता मुक्कामाविषयी. परदेशात तंबू ठोकून तीन-चार दिवस संगीत ऐकण्याचे मेळे भरतात. इंग्लंडमधील ग्लास्टनबरीचा मेळा १९७० साली एका शेतावर सुरू झाला. तेथे मुलांसाठी निराळे मैदान राखलेले असते. आपल्या देशात अरुणाचलातील झिरो खोऱ्यात २०१२ पासून असा उत्सव भरू लागला. आमच्याच पेडणे तालुक्यात धारगळ येथे डिसेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा सोहळा झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. तो मात्र बालगोपाळांना घेऊन जाण्याजोगा मेळा नव्हे. परंतु तंबू आणि गाणे हे काही आम्हाला साहेबाने शिकवले नाही. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत दिंड्या चालतात. दिवसभर टाळ-मृदंग, संध्याकाळी माळावर राहुट्या, रात्री कीर्तन. गोव्यातूनही दिंड्या पायी जातात. तेथे विणेकऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत प्रत्येकाचे काम आणि जागा ठरलेली असते. लहान मूल कोणाच्या हाती आहे हेही ठरलेले असते. ही शिस्त शिकण्याजोगी आहे. तंबूत राहायचेच झाले तर तो नदीच्या पात्रात ठोकू नये आणि बंद तंबूत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह कदापि पेटता ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

गर्दीविषयी लिहिताना हात जड होतो. ३ मे २०२५ च्या पहाटे आमच्या डिचोली तालुक्यातील शिरगावी, लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. तेव्हापासून काही पालकांनी मुलांना कोठेच नेणे सोडले. भीती साहजिक आहे. पण ज्या मुलाला गर्दीत कसे वागावे हे कधी शिकवलेच नाही, ते उद्या एकटे गर्दीत सापडणार नाही असे थोडेच आहे? उताराची आणि अरुंद वाट टाळा, पालखीच्या ऐन वेळी पुढे घुसू नका, आत जाताच बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवा. लोक ढकलू लागले तर मुलाला उचलून घ्या आणि लोंढ्याशी झुंजू नका. तिरपे तिरपे कडेला सरका. वाळवंटीच्या काठी तर एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नसावा. दिवे पाण्यावर जितके सुंदर दिसतात तितकी पाण्याची कड कमी दिसते.

हरवलेल्या मुलाला 'तुझ्या आईचे नाव काय?' असे विचारले की ते उत्तर देते, 'आई.' शिशुवर्गात आम्ही दरवर्षी हा प्रयोग करतो आणि दरवर्षी हसतो, पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. आईवडिलांचे पूर्ण नाव, गाव, वाडा आणि मोबाईल क्रमांक पाठ करून घ्या. फार लहान असेल तर चिठ्ठी लिहून खिशात ठेवा. निघताना, त्याच कपड्यांत, मुलाचा एक फोटो काढा. मुलाला सांगा की चुकलास तर शोधत फिरू नकोस, आहेस तेथेच उभा राहा. पोलीस किंवा मुले बरोबर असलेली एखादी बाई दिसली तर तिला सांग. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक मोठ्यांना पाठ हवेत. रुग्णवाहिकेचा १०८ तर गोव्यात सर्वांना ठाऊक आहे.

फेरीतल्या खर्चाचेही पाहा. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे जत्रा म्हटली की आम्हाला प्रेमचंदांच्या 'ईदगाह' मधला हामिद आठवतो. खिशात तीन पैसे आणि खरेदी आजीसाठी चिमट्याची. मुलाच्या हाती ठरावीक रक्कम द्या आणि काय घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्या. खाजे घेईल, पिपाणी घेईल. पिपाणी घेतली तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत पाठवू नये, ही विनंती.

झोपेचा हिशोब: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. म्हणून त्या दुपारी मुलाला दोन तास झोपवा. घोंगडी, अंगभर कपडे (दव आणि डास दोन्ही असतात), पाण्याची बाटली आणि किटलीभर पेज बरोबर असावी. शौचाची सोय करूनच घरातून निघावे. मूल झोपले तर होड्या पाहण्यासाठी त्याला हलवून जागे करू नका. मोठ्यांपैकी एकाने मुलासह लवकर परतायचे आणि एकाने थांबायचे. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. घरोघर थांबणारा नेहमी बाबाच असतो, असे आमचे निरीक्षण आहे.

विश्वस्त मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. त्रिपुरारीच्या दुसऱ्या दिवशी शाळा असेल तेव्हा शिशुवर्ग, पहिली आणि दुसरी दोन तास उशिरा भरावी. आणि शाळेच्या भजनी मुलांना गावच्या कोणत्याही कार्यक्रमास पाठवायचे ते आठच्या आधीच्या वेळेसाठीच, मुलांमागे खोकी नसतील या अटीवर. निमंत्रण मोठे असले तरी अट सोडू नये.

चौथी ते सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ: उत्सवाला आपण कोठे बसलो होतो, खोके किती पावलांवर होते आणि तेथे शेजारच्याशी न ओरडता बोलता येत होते का, हे पाहून दहा ओळी लिहाव्यात. ओरडावे लागत असेल तर जागा बदलून पुन्हा पावले मोजावीत. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.