स्वप्नाच्या फळ्यावर वाटही हवी

गडचिरोलीत दहावी-बारावी होऊन पोलीस भरतीची, नर्सिंगची, पदवीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत मी एका अभ्यासिकेत काम करते. निकाल लागून नवी मुलं आली, की पहिल्या आठवड्यात आम्ही व्हिजन बोर्ड, म्हणजे स्वप्नांचा फळा, करायला बसतो. सामान साधंच असतं: पुठ्ठा, जुनी कॅलेंडरं, वर्तमानपत्रांची कात्रणं, खळ, स्केचपेन. पुढे वर्षभर तो फळा मुलांच्या डोळ्यांसमोर राहतो. काहींचं वर्ष तो घडवतो, काहींच्या भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. हा फरक कशामुळे पडतो, ते पाहत गेले आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. सार एकच आहे. मुक्कामाचं चित्र कुणीही लावतं. ज्याच्या फळ्यावर वाटही असते, तो चालू लागतो.

१. चित्र आपल्या जवळचं हवं

मोबाइलवर व्हिजन बोर्डचे नमुने शोधले, की समुद्रकिनारे, महागड्या गाड्या आणि काचेच्या इमारती समोर येतात. एटापल्लीहून किंवा कोरचीहून आलेल्या मुलीचं मन त्या चित्रांत शिरत नाही. आपल्यासारखं कुणीतरी तिथे पोचलं आहे, हे तिला दिसावं लागतं.

यासाठी मी दरवर्षी ‘मिशन शौर्य’ची गोष्ट सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती, देवाडा, बोर्डा या भागातल्या आश्रमशाळांमधून आदिवासी विद्यार्थी निवडले गेले आणि त्यांना गिर्यारोहणाचं शिक्षण मिळालं. मे २०१८ मध्ये त्यांतले पाच जण एव्हरेस्टवर, ८,८४८ मीटर उंचीवर उभे राहिले: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. त्याआधी चार वर्षं, २०१४ साली, शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा ही निवासी शाळेत शिकणारी मुलगी तेराव्या वर्षी हेच शिखर चढली होती. एकीच्या पावलांमुळे दुसऱ्यांच्या मनात वाट उमटते, ती अशी.

म्हणून आमच्या मुलांचा पहिला गृहपाठ ठरलेला आहे. आपल्या तालुक्यात आपल्याला हवं ते काम करणारी व्यक्ती शोधायची. ती उपकेंद्रातली सिस्टर असेल, वनरक्षक असेल, तलाठी असेल. तिला भेटायचं, ती इथवर कशी आली ते विचारायचं आणि परवानगी घेऊन तिचा फोटो फळ्यावर लावायचा. गुळगुळीत कागदावरच्या अनोळखी चेहऱ्यापेक्षा हा फोटो फार बोलतो, कारण अडलं तर त्या व्यक्तीला फोन करता येतो.

२. शिखराएवढीच जागा पायऱ्यांना द्या

मिशन शौर्यच्या मुलांना थेट एव्हरेस्टवर नेलं नव्हतं. आधी निवड झाली, मग कडे चढण्याचा सराव, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी आणि विरळ हवा. शिखर या सगळ्याच्या शेवटी आलं.

फॅम आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांनी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याची कल्पना करायची होती. काहींनी आपण अभ्यासाला बसलो आहोत, पुस्तक उघडलं आहे, अशी कल्पना करायची होती. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त वेळ केला आणि गुणही जास्त मिळवले.

आमच्याकडे याचा अर्थ अगदी सरळ लागतो. पोलीस व्हायचं असलेल्या मुलीने वर्दीचा फोटो लावावाच. पण त्याखाली ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा, या तिन्हींसाठी वेगळे चौकोन असावेत. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची, म्हणून गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांनाही जागा हवी. प्रत्येक चौकोनात या आठवड्याचं काम पेन्सिलीने लिहायचं. आठवडा संपला की पुसायचं आणि नवं लिहायचं. जो फळा दर आठवड्याला हाताळला जातो, तोच कामाचा.

३. अडचणींनाही फळ्यावर बसवा

हा धडा मुलांना सुरुवातीला पटत नाही. चांगल्या चित्रांमध्ये अडचण कशाला लिहायची, असं त्यांना वाटतं. पण गॅब्रिएल ओटिंगन या संशोधिकेने जर्मनीत पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांची पाहणी केली होती. नोकरीच्या गोड कल्पनांत जे जास्त रमले, त्यांनी अर्ज कमी केले आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी होता. मनात सगळं मिळून गेलं, की हात सैल पडतात. म्हणून ध्येयाशेजारी अडथळा मांडायचा, असं ती सांगते.

आमच्या जिल्ह्यात अडथळे नावानिशी सांगता येतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, हे वर्षानुवर्षांचं आहे. अनेक गावांत फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेटवर्क मिळत नाही. सगळ्यांत मोठा अडथळा कागदपत्रांचा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, आणि त्यासाठी लागणारे वडील-आजोबांच्या शाळेचे दाखले, जुने महसुली कागद. हुशार मुलगी कागदासाठी मागे राहते, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून आमच्या प्रत्येक फळ्याच्या उजव्या बाजूला कागदपत्रांची उभी यादी असते आणि हाती आलेल्या कागदापुढे खूण होते.

उरलेल्या अडथळ्यांसाठी ‘जर-तर’ची वाक्यं लिहायची. जर रस्ता बंद झाला, तर गावातल्या ताईकडची जुनी प्रश्नपत्रिका सोडवीन. जर नेटवर्क नसेल, तर शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी तालुक्याला जाऊन फॉर्म भरीन. अशी नेमकी वाक्यं आधीच ठरवलेली असली की काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातूनही दिसलं आहे.

४. वर्ष आपल्या हंगामाने मोजा

छापील नियोजनवह्या जानेवारीत सुरू होतात आणि सगळे महिने सारखे धरतात. इथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायला जावं लागतं. मे महिना तेंदूपत्त्याचा. घरातली सगळी माणसं पानं तोडण्यात आणि पुडे बांधण्यात असतात, कारण वर्षाची रोख रक्कम त्यातून येते. पावसात धानाची रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं.

हे महिने मुलांनी लपवू नयेत. फळ्याच्या तळाशी बारा महिन्यांची पट्टी करायची आणि त्यावर घरची कामं आधी लिहायची. उरलेल्या जागेत अभ्यास बसवायचा. तेंदूच्या दिवसांत रोज दोन तासांचं वेळापत्रक टिकत नाही. रात्री पंधरा प्रश्न सोडवणं टिकतं. पावसाळ्यात रोवणी संपली की मोठा मोकळा काळ मिळतो, तिथे अवघड विषय घ्यायचा. असं केलं की घरच्या कामामुळे अभ्यास बुडाला, हा सल राहत नाही.

५. मोजता येईल असं लिहा

‘समाजसेवा करायची’, ‘मोठं व्हायचं’ ही वाक्यं मनापासूनची असतात, पण त्यांच्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. इथे मी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’चं उदाहरण देते. ही संस्था १९८६ पासून याच जिल्ह्यात आहे. बालमृत्यू कमी व्हावेत ही इच्छा पुष्कळांची होती. सर्चने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. नोंद होती म्हणून बदल दिसला, आणि दिसला म्हणून तो पुढे दूरवर गेला.

मुलांनीही तसंच करावं. ‘धावणं सुधारायचं’ याऐवजी आजची वेळ लिहावी आणि महिन्याने पुन्हा लिहावी.

६. राहणं हेही ध्येय असू शकतं

फळ्यावर नेहमी नागपूर, पुणे, मुंबईच दिसतात. जाणाऱ्याने खुशाल जावं. पण ज्याला गावात राहून बांबूचं, वनउपजाचं, शेतीचं काम करायचं आहे, त्याचं ध्येय लहान आहे असं त्याला कुणी वाटू देऊ नये.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. त्यामागे देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले. गावात निर्णय सर्वसहमतीने होऊ लागले. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. एका गावाने आपलं स्वप्न एका वाक्यात मांडलं आणि त्याच्याखाली अभ्यास, बैठका आणि कायदा यांची एकेक पायरी रचली. याहून चांगला व्हिजन बोर्ड मला माहीत नाही.

७. फळ्यावर मोठ्यांचीही सही हवी

मेंढ्याकडूनच मी शेवटचा धडा घेतला: ठरवणं सगळ्यांनी मिळून व्हावं. स्वप्न मुलीचं असलं तरी तिचा वेळ, तिचं भाडं, तिच्या लग्नाची बोलणी घरात ठरतात. म्हणून फळा पूर्ण झाला की तो घरी न्यायचा, आईबाबांना समोर बसवून वाचून दाखवायचा आणि खालच्या कोपऱ्यात त्यांनी काय करायचं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ‘परीक्षेच्या महिन्यात कापणीला बोलावणार नाही.’ ‘दाखल्यासाठी तहसीलला मी जाईन.’ ‘दोन वर्षं लग्नाचं काढणार नाही.’ लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. आम्ही शिकवणारेही तिथे लिहितो: कोणता फॉर्म कधी निघतो ते कळवू, वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सरकारी स्वयं योजनेचा अर्ज भरून घेऊ.

मुलांना मोठी स्वप्नं बघा असं आपण सहज सांगतो. जो असं सांगतो, त्याने त्या फळ्यावर स्वतःच्या नावाने निदान एक काम घ्यावं आणि ते वेळेवर करावं. यंदा तुमच्या घरी, वर्गात किंवा वसतिगृहात कुणी पुठ्ठा आणि खळ घेऊन बसलं असेल, तर त्याला आधी एवढंच विचारा: यात माझं काम कोणतं?