स्वादुपिंडाचा दाह आणि रक्तातली फौज

हॉस्टेलवर कुणाचं पोट दुखलं की निदानाला डॉक्टर लागत नाही. 'मेसची भाजी' हे उत्तर तयारच असतं, आणि बहुतेक वेळा ते खपूनही जातं. पण एक पोटदुखी वेगळी असते. पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराची कळ येते, ती पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत आणि अँटासिडने काही फरक पडत नाही. ही स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाची, म्हणजे अ‍ॅक्यूट पॅन्क्रिआटायटिसची खूण असू शकते.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी, तेव्हा औषधं सांगणं माझं काम नव्हे. पण या आजारात सीबीसीच्या साध्या रिपोर्टवर जे दिसतं ते कंट्रोल सिस्टिम्स शिकणाऱ्याला ओळखीचं वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आग घरातूनच

स्वादुपिंड जठराच्या मागे असतं. ते पचनाची एन्झाइम्स बनवतं, पण निष्क्रिय रूपात. त्यातलं ट्रिप्सिन लहान आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायचं असतं. पित्ताशयातला खडा नळीत अडकला, दारू अति झाली किंवा रक्तातली ट्रायग्लिसराइड्स १००० मिलिग्रॅमच्या वर गेली, तर ते ग्रंथीतच जागं होऊ शकतं. मग ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ही कल्पना हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडली होती.

लक्षात घ्या, सुरुवातीला इथे जंतूचा पत्ताच नसतो. तरीही फुटलेल्या पेशींमधून सांडलेला माल धोक्याची घंटा वाजवतो आणि शरीर फौज बोलावतं.

आकडे काय सांगतात?

सर्वात आधी धावतात न्यूट्रोफिल्स. अस्थिमज्जेतला साठा रक्तात सोडला जातो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशीही सुटतात. गर्दी फार झाली तर अर्धवट तयार झालेल्या पेशीसुद्धा बाहेर पडतात. त्याच वेळी लिम्फोसाइट्स कमी होतात. काही रक्तातून ऊतींमध्ये जातात, काही मरतात. ताणात वाढणारं कॉर्टिसोलही त्यांना खाली खेचतं.

एक उदाहरण करून पाहू. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी समजा ८,०००, न्यूट्रोफिल्स ६० टक्के, लिम्फोसाइट्स ३० टक्के. म्हणजे ४,८०० आणि २,४००, गुणोत्तर २. आता आजारात एकूण १६,०००, न्यूट्रोफिल्स ८८ टक्के, लिम्फोसाइट्स ८ टक्के धरा. म्हणजे १४,०८० आणि १,२८०, गुणोत्तर ११. एकूण आकडा दुप्पट झाला, पण गुणोत्तर साडेपाच पट! म्हणूनच आजार किती गंभीर आहे याचा अंदाज घेताना डॉक्टर या गुणोत्तराकडेही बघतात. रॅन्सन यांच्या १९७४ च्या निकषांतही दाखल होतानाच्या १६,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी ही धोक्याची एक खूण होती.

ओव्हरशूट आणि ब्रेक

फौज फार मोठी झाली की ती स्वादुपिंडापुरती थांबत नाही. न्यूट्रोफिल्स फुफ्फुसात शिरून तिथेही इजा करतात. हा झाला ओव्हरशूट. तो आवरायला शरीर ब्रेक लावतं, पण गंभीर रुग्णात ब्रेकही जास्तच लागतो. मोनोसाइट नावाची पेशी जंतूचे तुकडे एका प्रथिनावर मांडून मदतनीस पेशींना दाखवते. या प्रथिनाला एचएलए-डीआर म्हणतात. गंभीर आजारात मोनोसाइट्सवरचं हे प्रथिन घटतं. पहारेकरी असतो, पण शिट्टी हरवलेली! मग आतड्यातले जंतू मृत झालेल्या भागात शिरले तर त्यांना अडवणार कोण? असा संसर्ग साधारणपणे पहिल्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो.

इथे आपला फळ्यावरचा आलेख मात्र अपुरा पडतो. आलेखात आधी ओव्हरशूट, मग अंडरशूट. शरीरात अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक बऱ्याचदा एकाच वेळी दाबलेले असतात.

मग आपण काय घ्यायचं?

पहिलं, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे संसर्गच, असं नाही. त्यामुळे या आजारात सरसकट अँटिबायोटिक्स देत नाहीत. मेडिकलमधून आणलेली उरलेली स्ट्रिप तर अजिबात नको. दुसरं, एका रीडिंगवर भरवसा ठेवू नये. पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा तो पुढे कुठे चाललाय हे महत्त्वाचं. तिसरं, निदान सीबीसीवर होत नाही. त्यासाठी ठरावीक दुखणं, लायपेज किंवा अ‍ॅमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक, आणि स्कॅनमधली खूण, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात.

सुमारे ८० टक्के रुग्णांत हा आजार सौम्य असतो आणि ते बरे होतात. पण आपला कोणता, हे खोलीत पडून कळत नाही. तेव्हा रूममेट रात्री दोन वाजता पोट धरून वाकला असेल आणि दुखणं पाठीत जात असेल, तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना उठवा. ते रागावणार नाहीत. आणि रागावले तरी चालेल!