विशीतला धंदा आणि कानावर पडलेले चार कार्यक्रम

आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरांत सध्या एकच विषय चालू आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनियर होऊन दोह्याला परतली आहे, नोकरी मिळते आहे, पण "स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय" हा हट्ट आहे आणि आई-वडिलांची झोप उडाली आहे. ही मुलं दिवसभर कानात पॉडकास्ट घालून असतात. ज्येष्ठ वाचकांसाठी सांगतो, पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा ऐकता येणारा, आकाशवाणीवर असतो तसा बोलका कार्यक्रम. साधारण २०१४ ते २०१८ या काळात पुण्यात नोकरी सांभाळून आम्ही तिघं मित्र दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा नोंदवण्याचं सॉफ्टवेअर विकत होतो. तेव्हा धंद्याचं माझं बरंचसं शिक्षण अशा कार्यक्रमांतूनच झालं.

त्यातला पहिला 'स्टार्टअप'. अमेरिकन रेडिओवरचे ॲलेक्स ब्लूमबर्ग यांनी २०१४ मध्ये स्वतःची पॉडकास्ट कंपनी काढायला घेतली आणि काढता काढताच तिची हकिगत ध्वनिमुद्रित केली. पहिल्याच भागात ते क्रिस साका या बड्या गुंतवणूकदारापुढे आपली कल्पना मांडताना अडखळतात. मग साकाच त्यांना ती कशी मांडायची ते बोलून दाखवतात. पुढे भागीदार मॅथ्यू लीबर यांच्याशी कोणाचा हिस्सा किती, यावर झालेली अवघडलेली बोलणीही ऐकायला मिळतात. तो भाग ऐकून आम्ही तिघांनी एका साध्या कागदावर लिहून ठेवलं की कोण आठवड्याला किती तास देणार, आणि मध्येच कोणी सोडून गेलं तर त्याच्या हिश्श्याचं काय. वर्षभरात एक मित्र लग्न होऊन बंगळूरला गेला. पैशांचा हिशेब त्या कागदावरून अर्ध्या तासात मिटला आणि मैत्रीही राहिली. भागीदारी करू पाहणाऱ्या मुलांना मी आधी हाच कार्यक्रम सांगतो. ब्लूमबर्ग यांची ती कंपनी, गिमलेट, २०१९ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतली आणि २०२३ मध्ये कर्मचारी कपात करून दुसऱ्या विभागात मिसळून टाकली, हेही त्यांना सांगावं.

दुसरा, आणि मुलांचा सर्वांत लाडका, 'हाऊ आय बिल्ट धिस'. गाय राझ यांनी तो २०१६ मध्ये सुरू केला. यशस्वी उद्योजकांना बोलावून धंदा कसा उभा राहिला हे ते विचारतात, आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: यात नशीब किती आणि मेहनत किती? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण बुडालेल्यांना तिथे क्वचितच बोलावणं जातं. एअरबीएनबीच्या संस्थापकांची गोष्ट यात आहे. क्रेडिट कार्डांवर उधारी चढत गेली, २००८ च्या निवडणुकीत उमेदवारांच्या नावाची न्याहारीची खोकी ४० डॉलरला एक अशी विकून त्यांनी तग धरला. ऐकायला बहारदार आहे.

पण वाचकहो, हीच गोष्ट सलवा रोडवर गाडी चालवताना ऐकणाऱ्या मुलाने एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेत कर्ज बुडालं तर दिवाळखोरीचा कायदा आहे. इथे चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा आहे, तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि थकलेल्या कर्जापायी देश सोडायला बंदी येऊ शकते. चेक न वटणं भारतातही गुन्हाच आहे, पण तिथे आपण निदान आपल्या घरी असतो. इथे नोकरी सुटली की आरपीचाही प्रश्न येतो. तेव्हा उधारीवर धंदा हा धडा इथे चालत नाही.

मग चालतं काय? आधी हिशेब करावा. कतारच्या कामगार कायद्यानुसार (२००४ चा कायदा क्र. १४) एक वर्ष पूर्ण झाल्यावर दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. मूळ पगार ६,००० रियाल आणि नोकरी पाच वर्षं धरली, तर सुमारे २१,००० रियाल हाती येतात. घरखर्च महिना ७,००० असेल तर हे तीन महिन्यांचं बळ झालं. धंद्याला पहिलं गिऱ्हाईक मिळून पैसे हाती यायला आम्हाला सात महिने लागले होते! कंपनी मात्र आता पूर्ण आपल्या नावावर काढता येते. २०१९ च्या कायद्याने बहुतेक क्षेत्रांत परवानगी घेऊन शंभर टक्के परकी मालकी शक्य झाली, आणि कतार फायनान्शियल सेंटरमध्ये ती सोय त्याआधीपासून आहे. नोकरी करता करता दुसरं काम करायचं असेल तर मात्र मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

तिसरा 'प्लॅनेट मनी'. २००८ च्या गृहकर्जांच्या घोटाळ्यावर केलेला एक रेडिओ कार्यक्रम गाजला आणि त्यातून हा जन्मला. भाग छोटे असतात, मेट्रोने ऑफिसला पोचेपर्यंत एक संपतो. व्याजदर, महागाई, चलन हे शब्द त्यातून अंगवळणी पडतात.

चौथा आपल्या मुंबईचा, अनुपम गुप्ता यांचा 'पैसा वैसा'. विमा, म्युच्युअल फंड, निवृत्ती यांवर जाणकारांशी साध्या भाषेत गप्पा असतात. घरातल्या तिघांनी मिळून ऐकावा असा आहे. मात्र भारतात राहणाऱ्यांसाठी सांगितलेला सल्ला जसाच्या तसा उचलू नये. अनिवासी झाल्यावर गावाकडच्या बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि नवीन पीपीएफ खातं आपल्याला उघडता येत नाही. जुनं असेल ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. मुलगा नुकताच भारतातून शिकून आला असेल, तर त्याचं कॉलेजच्या काळातलं बचत खातं अजून तसंच आहे का, हे या शुक्रवारी बघून घ्या.